न्याहारीचे अकरा पुडे

रविवार, १० मार्च १९९६

आई गुरुवारच्या विमानाने आली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई दक्षिणेकडच्या थंडगार ओमारूहून निघून तीन विमानं बदलते, आमच्या तारावा बेटाच्या उन्हात उतरते आणि पहिलं वाक्य काय बोलते, तर "नोएलीन, तू जाड झालीस." ऐकून बरं वाटलं. प्रवासाने हिचं काही बिघडलेलं नाही.

काल तिचं वजन केलं. ही रॉसची अट. माझा धाकटा भाऊ डनेडिनमध्ये बसून साऱ्या जगाला अटी घालतो. दर महिन्याच्या सुरुवातीला आईचं वजन त्याला फोनवर कळवायचं. सत्तेचाळीस किलोच्या खाली गेलं तर तो येऊन तिला घेऊन जाणार आणि ओमारूच्या वृद्धाश्रमात ठेवणार. मी बिनधास्त हो म्हटलं. माझ्या घरात माझी आई वाळेल कशाला?

दवाखान्यातला काटा मोडलाय, म्हणून सोसायटीच्या गोदामात खोबऱ्याची पोती तोलतात त्या काट्यावर तिला उभं केलं. अंगात लोकरीचा कोट, पायात फीतवाले जाड बूट, दंडाला ती विटेएवढी जड पर्स. "कोट तरी काढ, आई," म्हटलं, तर म्हणाली, "परक्या पुरुषांसमोर?" गोदामातला माणूस माझाच जुना विद्यार्थी, त्याने बिचाऱ्याने मान फिरवली. एक्कावन्न किलो. बिरिबो म्हणाला, "खोबऱ्याच्या पोत्यापेक्षा थोडीच कमी भरली तुझी आई." माझा नवरा तीस वर्षं बोटींवर काम करून आता घरी बसलाय, तेव्हा त्याला विनोदाला वेळच वेळ आहे.

तिला सांगून ठेवलंय की तीन महिने राहून बघ, नाही आवडलं तर परत जा. आता फक्त या वहीसाठी लिहिते. ओमारूचं घर फेब्रुवारीतच विकलं गेलं. कागदांवर रॉसची सही आहे आणि माझीही. दोन वर्षांपूर्वी आईनेच आम्हा दोघांना तसे अधिकार दिले होते, त्यामुळे यात चोरी काही नाही. एकदा ती इथे रुळली की शांतपणे सांगायचं असं ठरलंय.

मंगळवार, १९ मार्च

आईची न्याहारी म्हणजे एक विधी आहे. सुटकेसमध्ये कपडे कमी आणि तिच्या त्या गव्हाच्या वड्यांचे तीन पुडे. आमच्याकडे सगळी लहानपणापासून याच खातात. हातावर मावेल एवढी चपटी वडी, दुधात पडली की भिजून मऊ होते. आई दोन घेते. एक चुरते, एक अख्खी ठेवते, वरून कढत दूध, आणि ओमारूच्या परसातल्या झाडाचे शिजवून बाटलीत भरलेले जर्दाळू. जर्दाळूची एकच बाटली तिने आणलीय, ती दिवसाला अर्धा जर्दाळू अशी पुरवून खाते.

"दुधाला वास येतोय," रोज म्हणते. इथे दूध पावडरीचं, दुसरं मिळणार कुठून? मी सांगते, सवय होईल.

तीन पुडे किती दिवस जाणार, म्हणून आज कुंपणापलीकडे तोकारेईकडे गेले. रस्त्याला लागून तिचं छोटं दुकान आहे. मी इथे लग्न होऊन आले तेव्हा मला मासा साफ करायला तिने शिकवलं. सख्खी बहीण नाही मला, पण असती तर हिच्याहून जवळची नसती. मी चटईवर बसले आणि रीतसर बुबुसी म्हणून मागितलं की पुढच्या बोटीतून अशा वड्या आल्या तर सगळ्या माझ्यासाठी ठेव, कुणालाही देऊ नको. तोकारेई म्हणाली, "एवढंच ना? जा, ठेवल्या समज."

आई पायरीवर बसून ऐकत होती. घरी येताना विचारते, "तो शब्द काय होता?" मी सांगितलं. इथे माणसाने बुबुसी म्हणून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणाऱ्याची गावभर छी थू होते. आमची सायकल अशी गेली, मोठी कढई गेली, बिरिबोचा जपानी रेडिओ तर आल्या आठवड्यातच गेला. सगळे परदेशी या प्रथेच्या नावाने बोटं मोडतात. मी मात्र बावीस वर्षांत एकदाही नाही म्हटलेलं नाही, आणि त्याचा मला गर्व आहे.

"मनात नसलं तरी द्यायचं?"

"तरी द्यायचं."

"आणि मागू कोण शकतं? बाहेरचं माणूससुद्धा?"

"तू काय मागणार आहेस, आई?"

"काही नाही. विचारलं आपलं."

शनिवार, ६ एप्रिल

वजन एक्कावन्न. पुन्हा तोच कोट, तीच पर्स. रॉसला फोन केला, त्याने "बरं" म्हणून ठेवून दिला. हरला की तो असाच करतो.

आईला सकाळी माडांवर ताडी काढणारे गातात ते आवडायला लागलंय. काल म्हणाली, "त्या उजव्या माडावरच्याचा सूर लागत नाही." म्हणजे रुळतेय. परवा मात्र विचारत होती, "तिकडे आता पहिलं दव पडलं असेल, नाही?" मी म्हटलं, कशाला हवंय ते दव, सांधे दुखायला?

रविवार, १४ एप्रिल

आईला डॉटचं पत्र आलं. डॉट म्हणजे ओमारूची शेजारीण, दोघींची सत्तर वर्षांची मैत्री. आईने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून बायबलमध्ये ठेवलं. "काय म्हणते डॉट?" विचारलं, तर म्हणाली, "गुडघा दुखतो म्हणते."

दुपारी मी वह्या तपासत होते तेव्हा अचानक म्हणाली, "रॉस जर्दाळूच्या झाडाकडे बघतो ना? यंदा पाऊस कमी आहे म्हणे."

"बघतो की. दर रविवारी जातो," मी म्हटलं.

"पाणी घालतो?"

"घालतो."

तिने मान हलवली. असल्या थापा मारायला मला आवडत नाही, पण आत्ताच तर ती जरा हसायला बोलायला लागलीय. एकदम घराचं सांगितलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अजून थोडे दिवस जाऊ देत.

सोमवार, २२ एप्रिल

शेवटची वडी शनिवारी संपली. बोटीचा पत्ता नाही. बेटाच्या टोकाला बेशोच्या बंदरावर फोन करून करून तिथला कारकून माझा आवाज ओळखायला लागलाय. "अजून फिजीतच आहे, बाई," मी हॅलो म्हणायच्या आत सांगतो.

मग मी एक युक्ती केली. बेशोच्या मोठ्या दुकानात कुठल्यातरी दुसऱ्याच कंपनीचे गव्हाचे पोहे होते. ते आणले, लाटण्याने थोडे चुरले आणि आईच्या रिकाम्या पुड्यात भरले. दुधात गेल्यावर सगळं सारखंच दिसतं. आज सकाळी वाटी तिच्यापुढे ठेवली.

तिने एक चमचा खाल्ला. चमचा खाली ठेवला. मग पुडा हातात घेऊन त्याच्यावरचं चित्र बघत बसली.

"हे माझं नव्हे."

"तेच आहे, आई. तळाचा चुरा आहे, म्हणून वेगळं लागतं."

तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला शाळेत कॉपी करताना पकडल्यासारखं झालं. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर तसंच असेल." आणि वाटी बाजूला सारली. उशीर होत होता, मी शाळेत गेले. संध्याकाळी बघते तर वाटी तशीच, माशा बसलेल्या.

एवढ्याशा गोष्टीवरून केवढं मनाला लावून घ्यायचं!

बुधवार, १ मे

साडेअठ्ठेचाळीस.

आठ दिवसांत आईने सकाळचं काही घेतलेलं नाही. काळा चहा, बस. मी पाव दिला, अंडं दिलं, फणसासारखा तो भाजलेला ब्रेडफ्रूट दिला. "भूक नाही." गोदामात आज तोकारेई बरोबर आली, कारण आईला आता चालताना आधार लागतो म्हणे. पातळ सुती झगा, अनवाणी पाय. मी म्हटलं, कोट नाही घातलास? "उकडतं," म्हणाली. मला बरंच वाटलं, चला, इथल्यासारखी राहायला लागली. काट्यावर चढताना तोल जाईल म्हणून तोकारेईने तिचा दंड घट्ट धरला होता. किती करते ही बाई माझ्यासाठी.

रॉस फोनवर म्हणाला, "दीड किलो उरलाय, नोएलीन." जणू माझी आई म्हणजे पेट्रोलची टाकी. मी फोन आपटला आणि मग रडले. काहीही झालं तरी मी तिला त्या वृद्धाश्रमात जाऊ देणार नाही. सगळ्या खोल्यांना एकच पिवळा रंग दिलेला आणि सहा वाजता जेवण. ती तिथे वर्षभर जगणार नाही.

शुक्रवार, १० मे

बोट काल लागली! शाळा सुटल्यावर धावत तोकारेईकडे गेले. ती साखरेची पोती मोजत होती.

"आल्या का?"

"नाही."

"एकही पुडा नाही?"

"या वेळी नाही आल्या," ती पोत्यांकडे बघत म्हणाली.

मी तिथेच पोत्यावर बसून रडले. तोकारेईने पाणी आणून दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिलाही फार लागलेलं दिसलं. मीच तिची समजूत काढली, म्हटलं, तुझा काय दोष, बोटवाल्यांनी पाठवल्या नाहीत तर तू काय करणार.

सोमवार, २० मे

दहा दिवसांत तीनदा बेशोला गेले. मिनीबसमध्ये गुडघ्यात डोकं घालून तासभर जायचं, तासभर यायचं. ऑस्ट्रेलियन डॉक्टरीण, तेलाच्या टाक्यांवरचा स्कॉटिश इंजिनिअर, पाद्रीबाबा, सगळ्यांची दारं ठोठावली. प्रत्येकाच्या फडताळात आपापल्या देशाचा एखादा जपलेला पुडा आहे, आणि कुणाचाही पुडा माझ्या आईचा नाही. स्कॉटिश म्हातारा तर त्याच्या ओटच्या डब्याला हातसुद्धा लावू देईना. मी बुबुसी म्हटलं, तेव्हा म्हणाला, "ते तुमच्या लोकांचं, बाई. मी ॲबरडीनचा." डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "तुमच्या शेजारणीकडे विचारलं का? बोट आली त्या दिवशी तिच्याकडे कसलेतरी पुडे उतरवताना पाहिल्यासारखं वाटलं. मी मागायला गेले तर नाही म्हणाली." मी म्हटलं, बिस्किटं असतील.

आई हल्ली दिवसभर तोकारेईकडे असते. मी साडेसातला शाळेत गेले की ती काठी टेकत निघते, मी यायच्या वेळेला परत येते. त्या दोघी बोलतात तरी काय, देव जाणे. तोकारेईचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, आई तर स्वतःच्या मुलांशीसुद्धा कधी बोलली नाही. पण शुक्रवारी मी लवकर आले तेव्हा कुंपणापलीकडून हसण्याचा आवाज येत होता. आईचा! एवढं हसताना मी तिला चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी गेले तशी गप्प झाली.

बिरिबोला म्हटलं, "तिला नेमकं काय द्यावं म्हणजे खाईल, काही कळत नाही."

"तिला विचारलंस, काय हवंय?"

"विचारायचं काय त्यात? वड्या हव्यात."

बिरिबोने जाळ्याची गाठ ओढली. "बरं," म्हणाला. हल्ली सगळे मला "बरं" म्हणतात.

रविवार, २ जून

शेहेचाळीस किलो आठशे ग्रॅम.

काल काट्यावर एवढंच भरलं. आई तोकारेईच्या खांद्यावर रेलून उभी होती, एवढी थकलीय. मी गोदामवाल्याला म्हटलं, पुन्हा बघ रे. त्याने पुन्हा बघितलं. तो माझ्याकडे बघेना.

रॉसने विसाव्या तारखेचं तिकीट काढलंय. ओरडला नाही, जिंकल्यासारखंही बोलला नाही. फक्त म्हणाला, "तू केलंस तेवढं खूप केलंस." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं काय चुकलं? मी या वहीत खरं लिहिते म्हणून लिहिते. मी तिला फक्त तिच्यासाठी आणलेली नाही. बावीस वर्षांपूर्वी मी तिला सोडून या बेटावर आले, ते कुठेतरी फेडावं असं वाटत होतं. शेवटची काही वर्षं माझ्या घरात, माझ्या हातचं खाऊन. आणि ती माझ्या हातचं खात नाही. न मिळालेल्या दोन वड्यांपायी माझी आई माझ्या हातून चाललीय.

शनिवार, ८ जून

आज झालं ते लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी घासलेट संपलं. तोकारेई प्रार्थनेच्या बायकांबरोबर सभागृहात गेली होती. तिच्या दुकानामागच्या खोलीत मी बावीस वर्षं स्वतःच्या घरासारखी जाते, तशी गेले. घासलेटचा डबा कोपऱ्यात होता. वाकले, उठले, तर वर आढ्याला बांधलेली चटई दिसली. चटईचं टोक सुटलं होतं आणि त्यातून पिवळा रंग डोकावत होता. तो पिवळा मी जन्मापासून ओळखते.

पेटीवर चढून गाठ सोडली. अकरा पुडे. एकही फोडलेला नाही.

मी तिथेच बसून राहिले. तोकारेई आली, मला पाहिलं, वर पाहिलं, आणि दारातच खाली बसली.

"हे काय आहे?"

"तुझे पुडे."

"माझे?"

"तू म्हणालीस सगळे ठेव, कुणाला देऊ नको. नाही दिले. डॉक्टरीण दोनदा मागून गेली, तरी नाही दिले. उंदीर लागतील म्हणून वर बांधले."

"आणि मला? मला नाही आले म्हणून सांगितलंस! माझ्या तोंडावर! वर पाणी पाजलंस!"

"तिने मागितलं."

"कुणी?"

"मर्टलबाईने. तुझ्या आईने." तोकारेई रडत होती. "बोट यायच्या आधी आली. इथे, या चटईवर बसली. बुबुसी म्हणाली. अगदी नीट म्हणाली, आपल्यातल्या बाईसारखी. म्हणाली, वड्या आल्या तरी माझ्या मुलीला कळू देऊ नको. मी काय करणार होते, नोएलीन?"

"ती परकी आहे गं! तिला काय कळतंय बुबुसी! तू हसण्यावारी न्यायचंस!"

"तू परकी होतीस तेव्हा माझी चटई मागितलीस. मी हसण्यावारी नेलं का?"

मी घासलेटचा डबा तिथेच टाकून घरी आले. पाठीत सुरा खुपसला असता तर एवढं दुखलं नसतं. बाकी कुणीही असतं तर चाललं असतं, पण तोकारेई? महिनाभर मी त्या चटईखाली बसून रडत होते, आणि ही बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

बिरिबोलाही माहीत होतं. विचारलं तर म्हणतो, "मला कुणी सांगितलं नव्हतं. पण दिसत होतं." हाच माणूस म्हणाला होता, तिला विचारलंस का.

रविवार, ९ जून

आई खाडीच्या बाजूला तिच्या खुर्चीत बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तोकारेईने सांगितलं वाटतं."

"तिने नाही सांगितलं. मला दिसले."

"मग ठीक. शब्दाची पक्की आहे."

माझा तोल गेला. काय काय बोलले, सगळं आठवत नाही. तीनदा बेशोला गेले, लोकांपुढे हात पसरले, शाळेत रडले, रॉसपुढे खाली मान घातली, आणि तू? माझ्याच मैत्रिणीला माझ्यावर उलटवलंस? उपाशी राहिलीस, मला छळायला?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नव्या लोकांनी जर्दाळूचं झाड तोडलं. डॉटने लिहिलं होतं."

मी पाठ फिरवून दोरीवरचे कपडे काढायला लागले.

"त्याच दिवशी मी तुला विचारलं, रॉस पाणी घालतो का. तू म्हणालीस, घालतो. मी आठ दिवस वाट पाहिली, नोएलीन. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. आठव्या दिवशी तू माझ्या पुड्यात भलतंच काहीतरी भरून माझ्यापुढे ठेवलंस."

"तुझ्या भल्यासाठी..."

"ठाऊक आहे. रॉसही तसंच म्हणेल. दोघं शहाणी आहात." मग ती काठीचा आधार घेऊन उठायला लागली. मी धरायला गेले तर हात झटकला. उठली नाही, खाली उतरली. गुडघे वाकवायला तिला किती वेळ लागला ते मला बघवेना. चटईवर बसली, झगा नीट पायांवर ओढला, आणि म्हणाली, "बुबुसी. मला परत जाऊ दे."

"तुझं घर राहिलेलं नाही, आई."

"घर मागत नाही. ते गाव दे. डॉट तिथे आहे. सकाळी काचेवर दव असतं."

"तिथे तू एकटी पडशील. पिवळ्या खोलीत. इथे मी आहे."

"तू निघालीस तेव्हा मी बंदरावर उभी होते," ती म्हणाली. "माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मागितलं नाही. तेव्हा हा शब्द मला माहीत नव्हता."

मी बावीस वर्षांत कुणालाही नाही म्हटलेलं नाही. सायकल दिली, कढई दिली. मी हो म्हटलं. मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

परवाच तिचे तीन महिने पूर्ण झाले.

गुरुवार, २० जून

रॉस सकाळच्या विमानाने आला आणि त्याच विमानाने तिला घेऊन गेला. दोन तास. वाळूत त्याचे बूट भरले, तेवढंच काय ते त्याने तारावा पाहिलं.

निरोपाला अर्धी वस्ती आली होती. तोकारेईने आईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट घातला, दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या. मी बाजूला होते. बारा दिवसांत मी तोकारेईशी बोललेले नाही.

विमान छोटं, म्हणून सामानाबरोबर माणसंही तोलतात. आईने लोकरीचा कोट चढवला होता, पायात ते फीतवाले बूट, दंडाला पर्स. काट्यावर चढली. कुणाचाही आधार न घेता चढली, सरळ उभी राहिली. कारकून मोठ्याने म्हणाला, "बावन्न."

रॉस म्हणाला, "किती?"

"बावन्न किलो."

रॉसने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. कोट. बूट. पर्स. आणि गोदामात तिचा दंड धरून उभी असलेली तोकारेई. ती आजारी नव्हती. वाळली नव्हती. उपाशीसुद्धा नव्हती. मार्चमध्ये आली तेव्हापेक्षा एक किलो वाढली होती माझी आई, इथे, या बेटावर, कुंपणापलीकडे.

"तोकारेई भात फार छान करते. नारळाच्या दुधातला," आई म्हणाली. मग मला जवळ ओढून गालाचा मुका घेतला आणि कानात पुटपुटली, "जेवत जा. वाळलीस."

तिला इथलं हवापाणी मानवत होतं, जेवण मानवत होतं, ताडीवाल्यांची गाणी, शेजारीण, सगळं मानवत होतं. विमान दिसेनासं होईपर्यंत मी हाच हिशेब करत उभी होते, आणि बाकी एकच उरत होती.

रविवार, २३ जून

आज उठून दार उघडलं तर ओसरीवर अकरा पुडे ओळीने मांडलेले. तोकारेईने ठेवले असणार. ती कुंपणापलीकडे झाडत होती, झाडता झाडता इकडे बघत होती. मला माहीत आहे, एक दिवस ती इथे येऊन चटईवर बसेल आणि माझं बोलणं मागेल, आणि मला ते द्यावं लागेल. म्हणून मी आज तिच्याकडे बघितलंच नाही. जितके दिवस मिळतील तितके दिवस मला रागावू दे.

बिरिबो म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना देऊन टाकू का?" मी म्हटलं, दहा दे.

अकरावा फोडला. बावीस वर्षांत मी या वड्या खाल्ल्या नव्हत्या. पुडा उघडताच आमच्या स्वयंपाकघराचा वास आला, कोळशाच्या चुलीचा, ओल्या लोकरी मोज्यांचा. आईच्या खुर्चीत बसले. दोन वड्या घेतल्या, एक चुरली, एक अख्खी ठेवली. पावडरीचं दूध कढत करून वर ओतलं. तिच्या बाटलीच्या तळाला अर्धा जर्दाळू राहिला होता, तोही घातला.

दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. दुधाला खरंच वास येतो.